"मार्गदर्शन केले" लिहिण्याआधी: आई आणि छोट्या बाळाच्या आहाराबद्दल घरच्यांशी बोलायचं कसं, पायरी पायरीने

उपकेंद्रातलं कुठलंही रजिस्टर उघडा, शेवटच्या रकान्यात एकच वाक्य सापडतं, "आहाराबाबत मार्गदर्शन केले". मी पण पहिली सहा-सात वर्षं हेच लिहिलंय, वर एकदा पूर्ण वाक्य आणि त्याच्याखाली पानभर नुसत्या "वरीलप्रमाणे"च्या खुणा. मार्गदर्शन म्हणजे काय, तर बाई काट्यावरून उतरून चप्पल घालत असताना एका दमात हिरव्या पालेभाज्या खा, मोड आलेली कडधान्यं खा, दूध अंडी फळं खा, दुपारी दोन तास आराम करा, आणि बाई मान हलवून "हो सिस्टर" म्हणून निघून जायची.

मग एकदा एका नऊ महिन्यांच्या बाळाचं वजन सलग तिसऱ्या महिन्यात तेवढंच भरलं, तेव्हा मी वैतागून त्याच्या आईला विचारलं की मी मागच्या वेळी काय सांगितलं होतं ते तरी सांग. तिने घडाघडा म्हणून दाखवलं, पालेभाज्यांपासून आरामापर्यंत, माझ्याच क्रमाने, माझ्याच सुरात. तिला सगळं पाठ होतं. बाळ काल काय जेवलं हे मात्र मी तोपर्यंत एकदाही विचारलं नव्हतं.

त्यानंतर हळूहळू जी पद्धत बसत गेली ती नवीन आशाताई, सीएचओ (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी), नर्सिंग करून नुकत्याच लागलेल्या मुलींसाठी इथे सविस्तर लिहितेय. माझं काम नाशिकच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याच्या बाजूला, त्यामुळे माझ्या बोलण्यात नागली (म्हणजे नाचणी), वरई, उडीद जास्त येईल, तुम्ही सोलापुरात असाल तर ज्वारी घाला, कोकणात असाल तर तांदूळ आणि सुकट.

आधी पिशवी

माझ्या पिशवीत दंडघेराची टेप, माता बाल संरक्षण कार्डाची एक कोरी प्रत, आणि घरातलीच एक स्टीलची वाटी नि एक चमचा असतो. वाटी मोजून घेतलेली, काठोकाठ पाणी भरलं तर पाव लिटर मावतं अशी. ही वाटी सगळ्यात महत्त्वाची, का ते पुढे येईलच. रंगीत फ्लिपचार्ट असेल तर चांगलंय पण मी खरं सांगू, ज्या घरात फ्लिपचार्ट उघडला तिथे बायका चित्रं बघतात आणि बोलायच्या थांबतात, म्हणून मी तो शेवटी काढते किंवा काढतच नाही.

पहिली पायरी: वजन घ्या आणि ते आईला वाचून दाखवा

काटा शून्यावर आणा, बाळाचे कपडे काढा, थंडीत टोपी-स्वेटर-दुपटं धरून पाव किलो सहज वाढतं आणि पुढच्या महिन्यात उन्हाळ्यात ते "कमी" होतं, मग आपणच घाबरतो. दोन वर्षांच्या आतल्या बाळाची लांबी झोपवून मोजायची, दोन वर्षांनंतर उभं करून उंची. दंडघेर डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर, टेप आवळायची नाही आणि ढिली पण नाही.

मोजून झालं की आकडा अंगणवाडी सेविकाताईंना ओरडून सांगू नका, आधी आईला सांगा. कार्डावरच्या वजनाच्या आलेखावर ठिपका कुठल्या रंगात पडला (हिरवा म्हणजे वजन ठीक, पिवळा म्हणजे कमी) यापेक्षा रेघ कुठे चाललीय ते बघायला शिका आणि शिकवा. हिरव्या पट्ट्यातलं बाळ पण दोन महिने रेघ आडवी गेली तर ते बाळ अडचणीत आहे, आणि पिवळ्यातलं बाळ रेघ वर चढवत असेल तर त्या आईचं कौतुक करा, ती काहीतरी बरोबर करतेय. मी आईचंच बोट धरून त्या रेघेवरून फिरवते. अक्षर न येणाऱ्या बाईला सुद्धा चढ आणि सपाटी बरोबर कळते, रोज डोंगर चढणारी माणसं आहेत ती.

दुसरी पायरी: काल काय खाल्लं

हा सगळ्याचा गाभा. "काय काय खातो?" असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम "सगळं खातो" असं येतं. कालचा दिवस विचारा, सकाळी उठल्यापासून. उठल्यावर अंगावर पाजलं का, मग तू चूल पेटवलीस तेव्हा त्याच्या हातात काय होतं, शेतावर गेलीस तेव्हा कोणापाशी होतं, तिथे काय दिलं, दुपारी, संध्याकाळी दुकानातून कोणी काही आणलं का, रात्री झोपायच्या आधी, रात्रीतून किती वेळा पाजलं. मध्ये बोलायचं नाही. बाई "चहात बिस्किट बुडवून दिलं" म्हणाली की आपल्या कपाळावर आठी येते ना, ती येऊ द्यायची नाही, कारण आठी आली की त्यापुढे ती तुम्हाला आवडेल तेच सांगणार.

एक प्रसंग सांगते. आठ महिन्यांचा मुलगा, आई म्हणाली दुपारी वरणभात खाल्ला. रजिस्टरमध्ये लिहायला छान, धान्य आलं, डाळ आली, दोन खुणा. मी पिशवीतली वाटी काढली आणि म्हटलं, मावशी, रोज वाढता तसं यात वाढून दाखवा. सासूबाईंनी उठून टोपातलं वरण न ढवळता वरवरचं पाणी पळीने घेतलं, त्यात भाताची पाच-सात शितं कुस्करली, वाटीचा जेमतेम तळ झाकला. म्हणाल्या, "एवढंच खातो, जास्त झालं तर पोट फुगतं त्याचं." त्या पिवळ्या पाण्यात डाळ नव्हतीच, डाळ टोपाच्या तळाला. म्हणजे बाळाला वरणभात मिळत होता हे पण खरं आणि बाळ उपाशी होतं हे पण खरं. वाटी नसती तर मी "आहार योग्य" लिहून पुढच्या घरी गेले असते.

म्हणून तीन गोष्टी कायम विचारा: किती वेळा, किती वाटी, किती घट्ट. पदार्थाचं नाव त्यानंतर.

तिसरी पायरी: एकच गोष्ट निवडा

कालचा हिशोब ऐकला की आपल्या डोक्यात आठ-दहा चुका तयार असतात. त्यातली एक उचला, फार तर दोन. निवडताना मी असं बघते की या घरात आजच्या आज, एक रुपया खर्च न करता, याच बाईला स्वतःच्या हाताने काय बदलता येईल. वरच्या घरात ते उत्तर होतं, वरण ढवळून तळाची डाळ घ्या. बस. अंड्याचं मी त्या दिवशी काढलंच नाही.

आणि त्याआधी कौतुक, पण खरं कौतुक. "छान आहे तुमचं" असलं काही नको. "रात्रीतून तीनदा उठून पाजतेस ना, ते अजिबात बंद करू नकोस" असं नेमकं. मग बदल सांगा, मग तिला विचारा की जमेल का, आणि जमणार नाही म्हणाली तर वाद न घालता दुसरं काढा. शेवटी "समजलं का?" विचारायचं नाही, त्याचं उत्तर हो असतं. "आज संध्याकाळी त्याला कसं भरवणार ते मला सांग बरं" असं विचारा. ती जे सांगेल तेवढंच तुमचं समुपदेशन झालं, बाकीचं हवेत गेलं.

आता कुठल्या टप्प्यावर काय बोलायचं.

गरोदर बाई

नोंदणी बारा आठवड्यांच्या आत झाली तर बोलायला वेळ मिळतो. चौथ्या महिन्यापासून रोजच्या जेवणापेक्षा साधारण साडेतीनशे कॅलरी जास्त लागतात, पण कॅलरी हा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवा. एक नागलीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाणे, हे रोजच्यापेक्षा जास्तीचं, असं सांगा. एका वेळी जात नसेल तर चार-पाचदा थोडं थोडं. नऊ महिन्यांत दहा-बारा किलो वजन वाढलं पाहिजे, आमच्याकडे पाच-सहा वाढलं तरी घरचे खुश असतात.

कारण घरात एक समज पक्का असतो, जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि सिझर होईल. हा समज हसण्यावारी नेऊ नका, त्या सासूने खरंच कोणाची तरी अडलेली बाळंतपणं बघितलेली असतात. मी विचारते, गावात अडीच किलोच्या खाली जन्मलेली किती पोरं आजारी पडत राहिली ते आठवा, मग बोलू. तरी नाही पटलं तर नाही पटलं, पुढच्या महिन्यात परत. पपईवरून मात्र भांडू नका. पपई नाही खाल्ली म्हणून कोणाचं अडत नाही, शेवगा आहे, तांदुळजा आहे, हंगामात करवंदं-आंबे आहेत. आपली ताकद भाकरी आणि गोळीसाठी राखून ठेवा.

गोळीचं नीट समजून घ्या. लोह-फॉलिकची लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासून रोज एक, कमीत कमी १८० दिवस, बाळंतपणानंतर परत १८० दिवस. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही, म्हणून मी सांगते कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या जेवणानंतर, लाल गोळी रात्री जेवण झाल्यावर दोन तासांनी झोपताना, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर मिळालं तर उत्तम. चहाबरोबर नाही, जेवणावर लगेच चहा पण नाही. शौचाला काळं होतं हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद आणि तुम्हाला कोणी सांगणार पण नाही. मळमळलं तर काही खाऊन मग घे, पण सोडू नकोस.

"गोळ्या घेतेस का" विचारण्यापेक्षा "स्ट्रिप आण बरं बघू" म्हणा. मला एका घरात दाराच्या वर, छपराच्या वाशात खोचलेल्या सहा स्ट्रिपा मिळाल्या, सगळ्या भरलेल्या, वर काजळी बसलेली. ती बाई खोटं बोलत नव्हती, तिने पहिल्या दोन घेतल्या, उलट्या झाल्या, आणि मला वाईट वाटू नये म्हणून दर महिन्याला नवीन घेत राहिली.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ ते ९.९ मध्यम, त्यांना गोळीचा डोस वाढवायचा असतो, तो डॉक्टरांना विचारून. ७ च्या खाली गेलं की तिथे आहारावर भाषण देत बसायचं नाही, गाडी बोलवायची. दुसऱ्या तिमाहीत जंताची एक गोळी विसरू नका.

आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून शेवटच्या तीन महिन्यांपासून ते बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत अंगणवाडीत रोज एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. पण ती तिथे बसून जेवते का ते बघा. डबा घरी गेला की त्यात सासरे, मोठा मुलगा, सगळे जेवतात आणि तिच्या वाट्याला तळ येतो, आणि ती तक्रार करणार नाही. ज्या गावांत चार-पाच जणी एकत्र बसून जेवायची सवय लागली तिथे आपलं काम सोपं झालं, आणि खरं समुपदेशन तर तिथे त्याच एकमेकींचं करतात.

पहिला तास आणि पहिले काही दिवस

बाळ झालं की तासाभरात छातीला. सिझर असलं तरी, शुद्धीवर असेल तर मदतीने लावता येतं. पहिला पिवळसर चीक, गाईचा चीक आपण खरवस करून वाटून खातो आणि बाईचा पिळून टाकतो, हे वाक्य मी इतक्या वेळा वापरलंय की आता आज्ज्याच मला आधी म्हणून दाखवतात. मध नको, गुळाचं पाणी नको, घुटी नको. मध वर्षाच्या आतल्या बाळाला खरोखर धोक्याचा असतो, त्यात असणाऱ्या जंतूंनी बाळ लुळं पडू शकतं. "दूध उतरलंच नाही अजून" ही तक्रार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हमखास येते. पहिल्या दिवशी एका वेळेला चमचाभर चीक पुरतो, बाळाचं पोटच तेवढं असतं, आणि जितकं चोखेल तितकं उतरेल, वरचं दिलं की चोखणं कमी आणि दूध पण कमी.

लावून झालं की चार खुणा बघा. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेरच्या बाजूला वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतोय. स्तनाग्राला चिरा पडल्या असं बाई म्हणाली की मलम शोधण्याआधी हे चार बघा, दहातल्या आठ वेळा बाळ नुसतं टोकाला धरलेलं असतं. सांगून उपयोग नाही, शेजारी बसा, हाताने धरून दाखवा, आणि तिची पाठ भिंतीला टेकलीय का ते बघा, वाकून पाजणारी बाई पाच मिनिटांत थकते आणि बाळ सोडवते.

आशाताईंच्या घरभेटी दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. गावातल्या बाईने घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायची ही कल्पना गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेत उभी राहिली आणि तिथून देशभर गेली. त्यातली तिसऱ्या दिवसाची भेट आहारासाठी सोन्याची, कारण दूध "येत नाही" म्हणून पावडरच्या दुधाचा डबा उघडला जातो तो याच दिवशी. पावडरच्या दुधाची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, तरी कुठल्यातरी मेडिकलवाल्याने "हे चालू करा" म्हटलं की घरचे आणतात. चिडू नका. किती दिवस झाले ते विचारा, लवकर असेल तर वरचं कमी करत अंगावर परत आणता येतं.

बाळंतिणीच्या खाण्याची पथ्यं हा वेगळाच विषय आहे. अळीवाचे लाडू, डिंक, बाजरी, शेपू, खसखस, हे सगळं चांगलंच, तोंडभर कौतुक करा. पण काही घरांत बारा दिवस नुसता भात आणि काळी मिरी, पाणी सुद्धा मोजून. पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत गरोदरपणापेक्षाही जास्त अन्न लागतं, साधारण सहाशे कॅलरी जास्तीच्या, म्हणजे वर सांगितलं त्याच्या जवळपास पावणेदोन पट. वाद डाळीवर घाला, तूर बाधते म्हणाले तर मूग चालेल का विचारा, बहुतेक घरांत मूग चालतो.

सहा महिने पुरे होईपर्यंत

पाणी पण नाही. एप्रिलमध्ये पत्र्याच्या घरात बसून हे सांगताना मलाच घाम येत असतो आणि आज्जी म्हणते, "आम्हाला तहान लागते, त्याला लागत नसेल?" लागते, म्हणूनच जास्त वेळा पाजायचं, आईच्या दुधात पाणीच जास्त असतं. औषध आणि ओआरएस लागलं तर चालतं, बाकी काही नाही.

"दूध पुरत नाही" ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. रडतंय म्हणजे भुकेलंय असं नसतं. दोनच गोष्टी तपासा, चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का, आणि वजन महिन्याला अर्धा किलोच्या आसपास वाढतंय का. दोन्ही ठीक असेल तर दूध पुरतंय, बाईला हे आकड्यात दाखवा, "काळजी करू नकोस" म्हणून नको. नसेल तर पाजताना समोर बसून बघा, रात्री पाजते का विचारा, आणि बाई स्वतः काय जेवली ते विचारा.

कामावर जाणाऱ्या बाईला दूध काढून ठेवायला शिकवा. हात धुवून, उकळून घेतलेल्या स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात, सावलीत, उन्हाळ्यात तीन-चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजायचं. बाटली नकोच, निपल नीट धुतलं जात नाही आणि मग जुलाब. आमच्याकडे हा सल्ला दहातल्या दोघी पाळतात. बाकीच्या बाळाला झोळीत घालून बांधावर नेतात, ते त्याहून बरं.

सहा महिन्यांनंतर, जिथे सगळं घसरतं

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी निघाली आणि ६ ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के मुलांत रक्त कमी. आलेख काढून बसलात तर दिसेल, बहुतेकांची रेघ सहा महिन्यांपर्यंत छान चढते आणि सातव्या-आठव्या महिन्यात आडवी होते. म्हणून माझा निम्मा वेळ मी याच वयाला देते.

१८० दिवस झाले की उष्टावण. मुहूर्त दोन महिन्यांनी असेल तर आज देवाला नैवेद्य दाखवून चालू करा, समारंभ नंतर करा, असं मी सांगते आणि ते चालतं.

चमचा इथे काढायचा. पेज चमच्यात घ्या, चमचा तिरका करा. घळकन सांडली तर पातळ, चमच्याला धरून राहिली आणि हळूच गोळा होऊन पडली तर बरोबर. हे आईच्या हातात चमचा देऊन तिलाच करायला लावा. पातळ पेजेने एवढंसं पोट पाण्याने भरतं आणि त्यात ताकद काही नसते. आज्जीला "घशात अडकेल" ही भीती असते म्हणून पहिल्यांदा माझ्यासमोरच भरवते, एक घास, मग दुसरा.

प्रमाण असं: सुरुवात दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा, आठ महिने पुरे होईपर्यंत हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. नऊ ते अकरा महिने, अर्धी वाटी, तीन-चारदा, मध्ये एखादं-दोनदा काहीतरी हातात. एक वर्षापासून दोन वर्षांपर्यंत पाऊण ते पूर्ण वाटी तीन-चारदा, आणि मधलं खाणं. वाटी म्हणजे ती पाव लिटरची. घरातल्या वाट्या लहान असतात, म्हणून त्यांचीच वाटी मागवून त्यात माझ्या वाटीचं मोजून दाखवा की "तुमच्या या वाटीने पाऊण". सगळ्यांच्या ताटातून घास भरवू नका, बाळाची वाटी वेगळी असली तरच किती खाल्लं ते दिसतं. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालू.

द्यायचं काय, तर घरात शिजतं तेच, तिखट घालायच्या आधी काढून ठेवलेलं. गुरगुट्या भात नि घट्ट वरण, नागलीचं सत्त्व, दुधात किंवा डाळीत कुस्करलेली भाकरी. एक सोपं खिमट सांगते: दोन वाट्या तांदूळ किंवा नागली, एक वाटी मूगडाळ, वेगवेगळं मंद भाजून दळून डब्यात भरायचं, महिनाभराचं एकदम नको, पंधरा दिवसांचंच. रोज दोन-तीन चमचे पीठ पाण्यात शिजवायचं, वरून एक चमचा तेल किंवा तूप किंवा अगदी बारीक शेंगदाण्याचं कूट. हा एक चमचा सोडू नका, तेवढ्याशा पोटात ताकद घालायचा स्वस्त उपाय दुसरा नाही. अंगणवाडीतून मिळणाऱ्या पाकिटाचं पण असंच शिजवून दाखवा. घरोघरी ते पाकीट कोंबड्यांना घातलेलं मी बघितलंय, पण एकदा त्याच पिठात गूळ आणि कूट घालून अंगणवाडीत वड्या केल्या आणि चव दाखवली तर पुढच्या महिन्यात पाकिटं घरात शिजली.

आठ गट लक्षात ठेवा: आईचं दूध, धान्य नि कंद, डाळी-कडधान्य-शेंगदाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, पिवळी-नारिंगी फळं नि पालेभाज्या, आणि बाकीची फळं-भाज्या. दिवसभरात यातले पाच आले पाहिजेत. आईचं दूध, नागली, उडीद हे तीन आमच्याकडे न सांगता येतात, भांडण पुढच्या दोनांसाठी. तिथे अंडं आणि पालेभाजी, किंवा पावसाळ्यात ओढ्यातले मासे-खेकडे शिजवून, काटे काढून, कुस्करून. अंडं सहा महिन्यांनंतर पूर्ण शिजवून चालतं, पिवळं आधी नि पांढरं नंतर असला काही नियम नाही.

लोहाचं सिरप सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा, १ मिली. बाळ तापलेलं असेल तर थांबा. जीवनसत्त्व अ चा पहिला डोस नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर. या लसीच्या दिवशी सगळ्या आया आपणहून येतात, त्या दिवशी सुईच्या आधी दोन मिनिटं वाटीचं बोलून घ्या, सुईनंतर कोणी ऐकत नाही, बाळ रडत असतं.

पाच रुपयांचं पाकीट आणि बिस्किटाचा पुडा यावर मी लढाई हरलेय, मान्य करते. बापाला कामावरून येताना पोरासाठी काहीतरी आणायचं असतं आणि तेवढंच परवडतं. मी आता एवढंच म्हणते, दादा त्याच पैशात एक केळं आणा. कधी आणतात.

आजारी पडलं तर

जुलाबात खाणं बंद करायची पद्धत अजून आहे. बंद नाही, थोडं थोडं जास्त वेळा. ओआरएस, आणि झिंक १४ दिवस, सहा महिन्यांच्या आत रोज १० मिलिग्रॅम, वर २०. जुलाब थांबले की झिंकची पुडी अर्धी राहते, ती पूर्ण करायला सांगा. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक वेळचं जेवण जास्त.

सहा महिन्यांच्या वर दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली, किंवा दोन्ही पायांवर सूज (अंगठ्याने दाबून खड्डा राहतो का बघा), म्हणजे सॅम, अतितीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ च्या मधलं मॅम, मध्यम कुपोषण. सॅममध्ये बाळ खात नसेल, सुस्त असेल, ताप-सूज असेल तर खिमटाची पाककृती सांगू नका, पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवा. तिथे साधारण १४ दिवस राहावं लागतं आणि बाई नाही म्हणते. "तुला बाळाची काळजी नाही का" हे वाक्य माझ्या तोंडून एकदा गेलंय, अजून टोचतं. तिची घरी दोन पोरं होती आणि शेळी व्यायला झाली होती. आता मी आधी विचारते की मागे कोण बघेल, बुडीत मजुरी मिळते ते सांगते, आणि नवऱ्याशी बोलायला संध्याकाळी जाते. भूक चांगली असेल, दुसरं काही नसेल तर उपचाराचं काम गावातच ग्राम बाल विकास केंद्रात होतं.

दिवाळीनंतर आमची माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला जातात. जायच्या आठवड्यात कार्ड, सिरप, ओआरएसच्या चार पुड्या आणि खिमटाचं पीठ बांधून द्या, आणि तिकडच्या सेविकेला फोन.

चूल कोणाच्या हातात

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. आपण सुनेला सांगतो आणि वाढते सासू. आता मी आत गेल्यावर आधी आज्जीपाशी बसते. "मावशी, तुम्ही किती पोरं वाढवली?" सहा-सात म्हणतात, आणि मग थोड्या वेळाने गेलेलीही सांगतात. ते ऐकून घ्या, घाई करू नका. मग, "याच्या वाटीचं काम मी तुमच्याकडे देते, सुनेला काही कळत नाही" म्हटलं की सून पदराआड हसते आणि काम होतं.

शेवटची पायरी: रजिस्टर

सांगितल्यापासून पाच-सात दिवसांत परत जा, महिन्याने गेलात तर काय सांगितलं ते तुम्हालाच आठवत नाही. आणि रकान्यात "मार्गदर्शन केले" लिहू नका, सांगितलेली ती एक गोष्ट लिहा. वरणाच्या पाण्यावर असलेल्या त्या मुलाच्या पुढच्या दोन भेटींच्या माझ्या नोंदी अशा आहेत:

"मंगळ. वरण ढवळून देतात. वाटी अर्धी, दोनदा. तिसऱ्या वेळेला आई शेतावर, आज्जी झोपलेली. ५ वर्षांच्या बहिणीला भरवायला दाखवले."

"पुढचा मंगळ. तीनदा. तूप महाग म्हणाल्या, शेंगदाणा कूट चालू. वजन १५० ग्रॅ. वाढ. अंड्याचं पुढच्या भेटीत काढणे."